सुरुवात दिसली पाहिजे

दुर्गेबाईंबरोबर बाजारात जाणं ही आमच्या शाळेत शिक्षा समजली जायची. कुणी मास्तर फार शहाणपणा करायला लागला की हेडमास्तर म्हणत, "याले एकडाव दुर्गेबाईसोबत खरेदीले धाडा, सगळं उतरते." तेलुगू मुलखातल्या वांकिडीच्या त्या मराठी शाळेत ही शिक्षा सगळ्यांत जास्त वेळा मी भोगली. एक तर माझं घर त्यांच्या घराला लागून होतं, आणि दुसरं म्हणजे तोंडावर नाही म्हणायला मला कधी जमलं नाही.

एकदा मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी ताटं घ्यायची होती. दुकानदारानं चकचकीत ताटांची थप्पी समोर ठेवली. बाईंनी त्यातलं एक उचललं, दुकानातल्या माठातलं पाणी त्यात ओतलं आणि ते दोन्ही हातांत धरून पहिलीतल्या पोरासारखी लुटुलुटु पावलं टाकत दुकानभर फिरल्या. दारापर्यंत जाईस्तोवर अर्धं पाणी फरशीवर.

"पाहा. वरण असंच सांडते. काठ उथळ हाये याचा."

"मॅडम, बच्चे तो बैठ के खाते हैं ना," दुकानदार म्हणाला.

"खातात बसून, पन नेतात तं चालत!" बाईंनी मराठीतच ठणकावलं. त्याला भाषा कळली नसेल, पण आवाज कळला. माळ्यावरून खोल काठाची दुसरी ताटं निघाली. ती अजून शाळेत आहेत आणि त्यांतून वरण सांडत नाही, हे मला कबूल करावं लागतं.

"पयले काम सांगा, मंग वस्तू दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. छत्री घ्यायची तर दुकानात उघडून तिच्याखाली मला उभं करायच्या आणि माझा खांदा बाहेर राहतो का ते बघायच्या. पर्समध्ये शिंप्याकडे असते तशी टेप. वस्तू पसंत पडायला आली की एक डोळा मिटून तिच्याकडे बघायची सवय. बाई बुटक्या, हडकुळ्या, चालायला लागल्या की मला पळावं लागे.

एकदा बसमध्ये मी वैतागून म्हणालो, "बाई, एक पेन घ्यायला एवढा वेळ? आयुष्य जातं हो माणसाचं."

त्या रागावल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "माहा बाप सालदार होता, सर. मालकानं दिलं ते नेसाचं, दिलं ते खायाचं. माह्या मायले जिंदगीत एक लुगडं आपल्या मनानं निवडता नाई आलं. मले पगार भेटते. मी तं निवडूनच घेईन."

त्यांची एकुलती एक मुलगी करुणा. अंगानं बापावर गेलेली, उंच, डोक्यानं आईवर. मी गणिताचा मास्तर, पण ही पोरगी नववीत असताना माझ्याआधी उत्तर सांगायची आणि वर म्हणायची, "सर, तुमी फळा भरून टाकता." बासरला शिकायला गेली, तरी सुट्टीत घरी आली की सकाळी पायरीवर तेलाची वाटी घेऊन आईच्या पुढ्यात बसायची. बाई तिचे केस विंचरायच्या, करकचून वेणी घालायच्या. एवढी घोडी झाली तरी हे चालायचं. मी अंगणात दात घासता घासता त्या दोघींना चिडवत असे.

बासरलाच तिला पहिल्यांदा फीट आली. मैत्रिणींबरोबर घाटाच्या पायऱ्यांवर बसली होती. पडली ती पाण्याच्या दिशेनं. मैत्रिणींनी ओढून धरली म्हणून राहिली, नाहीतर गोदावरीनं नेलीच असती. बाई दुसऱ्या दिवशी जाऊन तिला घरी घेऊन आल्या. त्यानंतर आदिलाबाद झालं, चंद्रपूर झालं, शेवटी नागपूर. गोळ्या वाढत गेल्या, फिट्स काही कमी होईनात. बहुतेक पहाटे, झोप मोडायच्या वेळी यायच्या. गोळ्यांनी करुणा सुजली, बोलता बोलता शब्द विसरू लागली. मी मुद्दाम सोपं गणित घातलं तर बघत राहायची. ते बघून मला माझ्याच घरात जेवण जाईना, तर तिच्या आईचं काय होत असेल?

नागपूरच्या डॉक्टरांनी एक दिवस कागद बाजूला सारले. म्हणाले, "मशीनमध्ये काही सापडत नाही. मला फीट बघायची आहे. शेवट नको, सुरुवात. पहिला कोणता हात उचलला जातो, मान कुठे वळते, डोळे कुठे जातात. त्यावरून मेंदूतली जागा कळेल. जागा कळली तर काहीतरी करता येईल. सुरुवात दिसली पाहिजे."

बाईंचे यजमान तहसिलीत कारकून. आम्ही त्यांना दुर्गेबाबू म्हणायचो. जन्म त्या कचेरीत गेला, त्यामुळे घरातही ते कचेरीचंच बोलत. मला म्हणाले, "डॉक्टरले मौक्याचा मुआयना पायजे." म्हणजे जागेवरची पाहणी. आणि हसले नाहीत.

आता सुरुवात दाखवायची कशी? फीट काही सांगून येत नाही. करुणाचा तो घोगरा आवाज आला की पहिली धावायची दुर्गेबाबूंची मोठी बहीण, गिरजाआत्या. हातात फोडलेला कांदा. तिच्यामागून शेजारची कुणीतरी चप्पल हुंगवायला. त्यामागून मी. मग कुणाला तरी आठवण व्हायची, फोन काढा, फोन काढा! बाईंनी डॉक्टरांना दाखवायला नेलेल्या एका चित्रात सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त माझी पाठ होती, तीसुद्धा फाटक्या बनियनमधली. डॉक्टरांनी विचारलं, "हे कोण?"

मग बाईंनी फोन रात्रीच फडताळावर उभा करून चालू ठेवायला सुरुवात केली. एकदा तो तापून आपोआप बंद झाला. एकदा सगळं नीट चाललं होतं, आणि पहाटे दुर्गेबाबूंच्या साहेबाचा फोन आला, मोठे साहेब दौऱ्यावर येताहेत, लवकर हजर व्हा. फोन वाजला, चित्रण थांबलं, आणि ते "जी साहेब, जी साहेब" करत अंगणात गेलेले असताना आत करुणाला फीट आली. बाईंनी तो फोन नवऱ्याच्या हातात दिला. "याले दहा कामं असतात. मले एकच काम करनारं पायजे."

कुणीतरी सुचवलं, दुकानात चोरांसाठी लावतात तसा कॅमेरा लावा. एक माणूस आला, छताच्या कोपऱ्यात वाटीसारखा कॅमेरा ठोकून गेला. अंधारात त्यात सगळं राखेच्या रंगाचं दिसे. पाची बोटं एकमेकांत मिसळलेली, डोळ्यांच्या जागी दोन डाग. तेही चाललं असतं. पण जाताना तो माणूस आपला फोन पुढे करून म्हणाला, "हे पाहा मॅडम, मायाकडे बी दिसून राह्यलं. तुमी चिंता नोका करू, मी तिकडून लक्ष ठेवीन." करुणा स्वैपाकघराच्या दारात बसली होती. ती उठली, स्टूल ओढलं आणि वायर उपटून काढली. त्या माणसाच्या देखत आईला म्हणाली, "पयले मी पाहीन. मंग डॉक्टर. तिसरं कोनी नाई. मंजूर असन तं चित्र काढ."

"मंजूर," बाई म्हणाल्या.

म्हणून आम्ही मंचेरियलला गेलो. म्हणजे बाई गेल्या, आणि मी शिक्षेवर.

कॅमेऱ्याचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर. दुकानदार तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलला, "अम्मा, शादी का है के बर्थडे का?"

"घर का है," बाई म्हणाल्या.

त्यानं सगळ्यात दिमाखदार कॅमेरा काढला आणि रस्त्यापलीकडे रोखला. पार तिकडे उभ्या असलेल्या कंडक्टरच्या गालावरचा तीळ दाखवला. मला तर बघतच राहावंसं वाटलं. बाईंनी एक डोळाही मिटला नाही. मला म्हणाल्या, "याले सांगा सर, दूरचं जवळ आनाचं नाई मले. जवळचं सगळं मावलं पायजे. खोली लहान हाये आमची." मी सांगितलं. त्यानं दुसरे दोन-चार मांडले.

बाईंनी टेप काढली. घरच्या फडताळापासून खाटेपर्यंतचं अंतर त्यांच्या डोक्यात होतं. तेवढ्या अंतरावर आणि तेवढ्या उंचीवर कॅमेरा ठेवायला लावला. मग माझ्याकडे वळल्या.

"सर, निजा."

"काय?"

"खाली निजा. करुणा तुमच्याएवढीच उंच हाये."

मी इस्त्रीच्या पँटीत त्या दुकानाच्या फरशीवर आडवा झालो. बाईंनी शटर अर्धं ओढायला लावलं, दिवे बंद करायला लावले, फक्त मागच्या खोलीतला एक बारका दिवा ठेवला. गिऱ्हाइकं माझ्या डोक्याजवळून पाय उचलून जात होती. पहिल्या कॅमेऱ्यात माझे पाय कापले गेले. दुसऱ्यात मी सबंध मावलो, पण तोंड काळंठिक्कर. "तसे बी काळेच हायत," बाई म्हणाल्या, आणि त्या दिवसातलं त्यांचं तेवढंच हसू. तिसऱ्यात तोंड दिसलं. "आता बोटं हालवा. डाव्या हाताची. हळू." मी हलवली. तो कॅमेरा अंधारात गांगरला. चित्र पुसट होई, स्पष्ट होई, पुन्हा पुसट. नेमकं कुठे बघावं हे त्याला ठरवता येईना. "हा भेते," म्हणून बाईंनी तो बाजूला सारला.

चौथा जुना होता, कुण्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं विकलेला. दिसायला ओबडधोबड, दूरचं फारसं जवळ आणत नव्हता. पण त्या बारक्या दिव्यात माझं एकेक बोट वेगळं दिसलं, पापणी हललेली दिसली. बाईंनी एक डोळा मिटला. तरी झालं नव्हतं. विजेच्या वायरीवर चालेल का? रात्रभर न थांबता चालेल का? आवाज घेईल का? कार्ड काढून घरच्या घरी बघता येईल का, का त्यासाठी दुकानात आणून द्यावं लागेल? दुकानदार सगळ्याला हो म्हणाला. बाई म्हणाल्या, "मंग चालू ठेवा. मी बसून राह्यते इथंच." आणि खरंच स्टुलावर बसल्या.

लोक हसायला लागले. कुणी विचारलं सिनेमा कुठला, हीरो कोण. हीरो म्हणजे मी. अजून फरशीवरच होतो, कारण उठा असं कुणी म्हटलं नव्हतं. शेवटी दुकानदारही चिडला. "अम्मा, आख़िर शूटिंग किसका है?"

बाईंनी त्यांच्या मोडक्या हिंदीत सांगितलं, "मेरी बेटी गिरती है. उसका गिरना दिखना मंगता."

दुकानदारानं चहा मागवला, मला हात देऊन उठवलं, आणि संध्याकाळपर्यंत तो कॅमेरा चालू ठेवून तोही बाईंबरोबर बसून राहिला. कॅमेरा थांबला नाही.

तो फडताळावर बसला आणि थोड्याच दिवसांत पहाटे फीट आली. सगळं सामसूम झाल्यावर करुणानं दार लावून कार्ड बघितलं, आणि बाहेर येऊन आईला म्हणाली, "तूच पाय. यात मी नाईच." बाईंनी ते दाराशीच लावलं. दिसायला काहीच नव्हतं, सगळं पांढरं. आवाज तेवढा होता. कोंबडं आरवलं, कुणाचा तरी श्वास, मग करुणाचा तो आवाज, खाट थडथडली, बाईंची "करुणा, करुणा" अशी हाक. त्या पांढऱ्यावर आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं.

गिरजाआत्या चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "तो मी झाकला व्हता. पोरीचा गाऊन गुडघ्यावर गेला व्हता. जवान पोरीवर असा रातभर उघडा डोळा ठेवतात काय कोनी? रुमाल टाकला मी त्याच्यावर."

बाईंना ओरडताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. काय बोलल्या ते लिहीत नाही. आत्या रडायला लागली, तशा बाईही तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि रडल्या. आत्याचं काय चुकलं होतं? तिच्या हिशेबानं तिनं लेकराची अब्रूच राखली होती. पण मला तिचाही राग आला, डॉक्टरांचाही आला आणि का कोण जाणे, त्या कोंबड्याचाही आला.

आणि मग फीट येईचना. पंधरवडा गेला, त्याहून जास्त गेला. गल्लीत आनंद. जो तो म्हणे, औषध लागू पडलं. बाई मात्र सुकत चालल्या. वर्गात शिकवता शिकवता थांबायच्या. डॉक्टरांची तारीख जवळ येत होती. औषध लागू पडलेलं नाही, फीट दबा धरून बसली आहे, एखाद्या दिवशी भलत्या जागी, पाण्याजवळ, रस्त्यात, विस्तवाजवळ येईल, हे त्या जाणून होत्या.

एक दिवस शिक्षकांच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. डबा उघडून त्या तशाच बसल्या होत्या.

"येत नाई वो, सर."

"बरंच आहे की."

"सगळ्या आया म्हनतात, येऊ नोको. मी रोज निजताना म्हनते, ये. माह्या पोरीले ये. आज ये, उजेड चांगला हाये. अशी आई पायली काय तुमी कुठं?"

माझ्या डब्यातली वांग्याची भाजी मी त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी ती खाल्ली नाही.

आली शेवटी. नेहमीसारखी पहाटेच आली. मी हाकेनं जागा होऊन धावलो तेव्हा सगळं संपत आलं होतं. दुपारी करुणा सावध झाली आणि म्हणाली, कार्ड द्या. ठरल्याप्रमाणे एकटीच आत गेली, कडी लावली. बाहेर अंगणात आम्ही चौघं. दुर्गेबाबू निंबाखाली उकिडवे बसलेले, आत्याच्या हातात न निवडलेली भाजी. बाई दाराकडे तोंड करून उभ्या. तिनं स्वतःला तसं कधी बघितलं नव्हतं. तोंड वाकडं झालेलं, फेस, सगळंच. ती कशी बाहेर येईल, याची मला धास्ती वाटत होती.

कडी निघाली. ती रडलेली नव्हती. आईकडे बघून म्हणाली, "तू जागी होती."

"होती," बाई म्हणाल्या.

"उभी होती तू."

करुणा आमच्या मधून मागच्या अंगणात निघून गेली.

त्या चित्रात काय होतं ते मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही. दुर्गेबाबूंनी ते डॉक्टरांच्या खोलीत पाहिलं आणि नागपूरहून आल्यावर मला सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना राहवेना. सुरुवात स्वच्छ दिसत होती. आधी डाव्या हाताचा अंगठा आत वळतो, मग बोटं, मग मान डावीकडे ओढली जाते, मग डोळे. डॉक्टरांना जे जे हवं होतं ते सगळं. आणि त्याच चित्राच्या कडेला, पोरीशेजारी खाटेवर झोपलेल्या बाई होत्या. त्या पहिल्या हालचालीलाच जाग्या होतात. उठून बसतात. पोरीकडे हात जातो, आणि तिथेच थांबतो. त्या कॅमेऱ्याकडे बघतात, लाल दिवा लागलेला आहे ना ते बघतात. मग खाटेवरून मागच्या बाजूला उतरतात, कॅमेऱ्याच्या आड येऊ नये म्हणून भिंतीला चिकटून उभ्या राहतात. दोन्ही हात पाठीमागे. समोर पोरगी तडफडते आहे आणि आई भिंतीशी उभी आहे. ओठ हलताहेत, आवाज नाही. अंगाचे आचके सुटू लागल्यावर मगच त्या झेप घेतात, तिला कुशीवर वळवतात आणि हाक मारतात.

डॉक्टरांनी चित्र थांबवलं. म्हणाले, "बाई, फार चांगलं काम केलंत तुम्ही." बाईंनी तिथेच पदरात तोंड झाकून घेतलं.

डॉक्टरांना जागा सापडली होती. मेंदूच्या उजव्या बाजूला, एका ठिकाणी. हैद्राबादला जा, तिथं आणखी तपासण्या होतील, बहुधा ऑपरेशन होऊ शकेल, असं ते म्हणाले. म्हणजे जे मागायला निघालो होतो ते मिळालं होतं. गल्लीत पेढे वाटायला हरकत नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी करुणा तेलाची वाटी घेऊन आत्यापुढे जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. बाई दारात उभ्या राहून बघत आणि शाळेला निघत. घरात बोलणं कामापुरतं. आत्याला नीट वेणी घालता येत नव्हती, केस निसटत होते, तरी पोरगी आईकडे गेली नाही. मी चिडून बाईंना म्हणालो, "तिला समजावून सांगा ना. एवढी हुशार पोरगी, तिला कळत नाही?"

"सांगतलं, सर. म्हनलं, हात मी माग एकमेकांत गुतवून धरले व्हते. सोडले असते तं मधात आली असती. मधात आली असती तं पुन्हा वाट पाहा लागली असती. ते म्हनते, समजलं आई. समजलं म्हनते, पन जवळ येत नाई. अन् तिचंही खरंच हाये. हात तं माहेच व्हते."

मंचेरियलच्या फलाटावर मी त्यांना सोडायला गेलो, आणि तेच माझं दुर्गेबाईंचं शेवटचं दर्शन. पुढे हैद्राबादला ऑपरेशन झालं. फिट्स कमी आहेत, गेलेल्या नाहीत, असं दुर्गेबाबू फोनवर सांगतात. बाईंनी तिकडेच बदली करून घेतली. आमच्या शाळेची खरेदी आता कुणीही करतो आणि कशीही करतो.

त्या दिवशी फलाटावर भर दुपारची वेळ होती. जायच्या धास्तीनं आदल्या रात्री करुणाला झोप लागली नव्हती. बाकावर ती एका टोकाला बसली होती, कानात गाण्याच्या वायरी. बाई दुसऱ्या टोकाला. मध्ये पाण्याची बाटली आणि कागदांची पिशवी. गाडी आली. दुर्गेबाबू सामान घेऊन डब्यात चढले. आम्ही तिघं उठलो.

करुणाचा डावा अंगठा आत वळला. मला दिसला तो नंतर, बाईंनी झेप घेतली तेव्हा. त्या सबंध फलाटावर ती सुरुवात ओळखणारं एकच माणूस होतं. पोरगी जमिनीला लागायच्या आधी बाईंनी तिला अंगावर झेलली, तिच्यासकट खाली बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं.

गर्दी जमायला वेळ लागला नाही. आणि गर्दीतल्या जवळजवळ प्रत्येक हातात फोन वर झाला. एकजण नीट दिसावं म्हणून बाकावर चढला. कुणी तेलुगूत, कुणी हिंदीत, अरे वीडियो निकालो, निकालो. मी "मागं सरका, मागं सरका" म्हणून ओरडत होतो. माझ्यासारख्याचं कोण ऐकतो?

"बंद करा!" बाई किंचाळल्या. "बंद करा रे ते! माही पोरगी हाये!"

कुणी बंद केलं नाही. तेव्हा बाईंनी पदर सोडला, डोक्यावरून ओढून पोरीच्या अंगावर घेतला आणि तिच्यावर ओणव्या झाल्या. पाठ सगळ्यांकडे. आता कुणालाच काही दिसेना, नुसती एक साडी आणि तिच्या खाली चाललेली ती थरथर. मीही बाईंच्या पाठीशी उभा राहिलो, हात पसरून. हळूहळू थरथर कमी झाली. थांबली.

बऱ्याच वेळानं पदराखालून करुणाचा जड आवाज आला, "आई... कॅमेरा चालू हाये काय?"

"नाई वो माय," बाई म्हणाल्या. "नाई. कोनीच नाई पाहून राह्यलं."

आमच्या भोवती तेव्हाही फोन धरलेले होते. पदराबाहेर करुणाचा हात आला, चाचपडत आईच्या दंडापर्यंत गेला आणि तिथं घट्ट राहिला. गाडीनं शिटी दिली. दुर्गेबाबू दारातून एकेक बॅग खाली टाकत होते, मी त्या धरत होतो, आणि शेवटी तेही उतरले. गाडी हलली. बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.